नळीतली हवा

१२ फेब्रुवारी

ही वही मी पुराव्यासाठी सुरू करतो आहे. मला काही झालं तर मिर्नाने ती पोलिसांना द्यावी आणि सांगावं, माझा नवरा कॉम्प्रेसरच्या धुराने गेला. एरवी भरती-ओहोटीच्या वेळांखेरीज मी काही लिहून ठेवत नाही.

आज अ‍ॅक्टिऑन बेटांच्या मागे काम होतं. पाणी स्वच्छ, लाट नावापुरती. मी तळाला होतो, जाळी निम्मी भरलेली. एका कपारीत चांगलं मोठं अ‍ॅबलोनी दिसलं, आम्ही विकतो तो खडकाला चिकटणारा शंख. लोखंडी पट्टी त्याच्या शिंपल्याखाली सरकवली आणि तेवढ्यात नळीतली हवा संपली. म्हणजे हवा येत होती, पण तिच्यात दम नव्हता. ओढतोय, ओढतोय, आणि छाती रिकामीच. काळीज एवढं धडधडायला लागलं की दुसरं काही ऐकू येईना. बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले. आणि मी आता इथेच मरणार, अशी खात्रीच पटली.

पट्टी, जाळी, सगळं टाकून मी वर सुटलो. इतक्या वर्षांत असं कधी केलं नव्हतं. श्वास कोंडून वर पळालं की फुप्फुस फाटतं, हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. मी वाटभर ओरडत होतो म्हणून वाचलो, कारण ओरडताना हवा बाहेर पडत राहते.

डेन्झिलने काखेत हात घालून मला होडीत ओढलं. डेन्झिल म्हणजे मिर्नाचा धाकटा भाऊ. माझी नळी बारा वर्षं तोच सांभाळतो. मी खाली असताना नळीतून हवा पाठवणारा कॉम्प्रेसर चालू ठेवायचा, नळी मोकळी सोडायची, भरलेली जाळी वर घ्यायची, हे त्याचं काम.

"हवा खराब आहे!" मी म्हणालो.

त्याने कॉम्प्रेसर पाहिला. नळी हाताने चाचपली. रेग्युलेटर स्वतःच्या तोंडात धरून चार श्वास घेतले. मग बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत बसला.

"असेल," तो म्हणाला. "मघाशी वारा फिरला ना. इंजिनाचा धूर आत गेला असेल. माझं लक्ष नव्हतं."

"लक्ष नव्हतं? अरे, मेलो असतो मी!"

"हो ना. चुकलंच माझं."

वारा फिरलेला मला तरी जाणवला नव्हता. पण त्याने कबूल केलं म्हणून मी जास्त ताणलं नाही.

१४ फेब्रुवारी

कॉम्प्रेसरची हवा खेचणारी नळी काठीला बांधून उंच केली. बाटलीत हवेचा नमुना भरून होबार्टच्या प्रयोगशाळेत पाठवला. विषारी धूर रक्तात बराच वेळ राहतो म्हणतात, त्यामुळे दोन दिवस घरीच थांबलो. मिर्नाला म्हणालो, पाठ धरली आहे.

२० फेब्रुवारी

काल क्लबात सोडत होती, बक्षीस मटणाची थाळी. दर शुक्रवारी असते. यावेळी चिठ्ठी काढायला मला पुढे बोलावलं. डब्यात हात घातला आणि खालच्यासारखंच झालं. भिंती जवळ आल्यासारख्या वाटल्या, सगळी माणसं लांब गेली. चिठ्ठी हातात होती, पण आकडा वाचवेना. कुणीतरी ओरडलं, "अरे क्लेम, बकरा तू कापणार आहेस का? नंबर सांग!" सगळे हसले. मी चिठ्ठी बारवाल्या बाईच्या हातात कोंबली आणि बाहेर येऊन कठड्याला धरून उभा राहिलो.

क्लबाचं स्वयंपाकघर अगदी शेजारी आहे. तिथला गॅस गळत असणार. एकदा धूर बाधला की माणूस पुढे साध्या वासानेही हलतो, असं कुठेतरी वाचलं होतं. सोमवारी त्यांना सांगायला हवं.

२६ फेब्रुवारी

डेन्झिल आळशी झाला आहे. मी म्हणेन तिथे होडी नेत नाही. "तिकडे सील फार झालेत, मागे शार्क येतील", "आज प्रवाह जास्त आहे", असली काहीतरी कारणं काढून उथळ पाण्यातच नांगर टाकतो. गुडघाभर पाण्यात बोटाएवढी अ‍ॅबलोनी मोजत बसायची का? आज तर मी खाली असताना तो सारखा नळी हलकेच ओढून बघत होता. मी वर येऊन ओरडलो, तर म्हणतो, "गुंतली होती रे."

बरं, खरं सांगायचं तर उथळ पाण्यात मला बरं वाटलं. ते त्याला सांगितलं नाही.

३ मार्च

पुन्हा झालं, आणि आधीपेक्षा वाईट.

आज मी हट्टाने खोल जागी न्यायला लावलं. सकाळपासून मनात घोळत होतं, होणार, आज होणार. पाण्यात पाय सोडले तेव्हाच तोंडचं पाणी पळालं होतं. तळाला पोचून थोडं काम केलं. वर शेवाळाचं दाट रान होतं, त्यातून उजेड खाली येत नव्हता. वर जायला वाट नाही, असं एकदा मनात आलं आणि संपलं सगळं. नळी तोंडातून काढून टाकावीशी वाटली.  पाण्याच्या तळाशी माझाच हात माझ्या तोंडातली हवा काढायला निघाला होता.

कसा वर आलो आठवत नाही. नाकातून रक्त आलं. डेन्झिल पांढराफटक पडला होता. "छातीत दुखतंय का? थुंकून दाखव, रक्त येतंय का. बोल काहीतरी!" तो सारखा म्हणत होता.

धक्क्यावर होडी लावली तेव्हा रूबेन आणि बाकीचे पाणबुडे तिथेच होते. माझा तोल गेला. "ह्या माणसाने दोनदा माझ्या नळीत धूर सोडला!" मी सगळ्यांदेखत ओरडलो. "मेव्हणा म्हणून किती सहन करायचं? उद्यापासून माझ्या होडीत पाय ठेवायचा नाही!"

रूबेनने डेन्झिलकडे पाहिलं. "खरं का रे?"

डेन्झिलने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "खरं आहे. माझीच चूक."

आणि जेवणाचा डबा घेऊन चालायला लागला.

४ मार्च

 रात्री ताट पुढ्यात ठेवताना मिर्ना एवढंच म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं."

शेवटी ती भावाचीच बाजू घेणार.

१७ मार्च

प्रयोगशाळेतून फोन आला. हवा स्वच्छ आहे म्हणे, दोष नाही. नमुना घेतला त्या दिवशी वारा बरोबर असेल. तरी मी नवा कॉम्प्रेसर घेतला. नळीही नवी. नळीवर आता डोरीन आहे. आधी सॅमन माशांच्या शेतीत होती, हात कामाचा आहे आणि तोंडही.

आज तिच्याबरोबर पहिला दिवस. अंगात सूट चढवून होडीच्या काठावर बसलो, रेग्युलेटर तोंडात घेतलं, आणि उतरवेना. पाण्यात गेलोही नव्हतो आणि छाती आवळली.

"आज समुद्र खवळलाय," मी म्हणालो.

डोरीनने समुद्राकडे पाहिलं. "हा? यात तर माझी आजी पोहेल."

"खाली प्रवाह असतो. वरून तुला काय कळणार?"

"बरं बाबा. तू पाणबुडा." तिने होडी वळवली. धक्क्याला येईपर्यंत तिने शीळही घातली नाही, आणि ती सारखी शीळ घालत असते.

नव्या कॉम्प्रेसरमध्येही काहीतरी असणार. पण तो तेव्हा सुरूच केला नव्हता, हे आता लिहिताना लक्षात येतं आहे. दमलो आहे, झोपतो.

२ एप्रिल

इस्पितळातून घरी आलो.

शनिवारी दुपारी खुर्चीत बसून फुटबॉल बघत होतो. बशीत मिर्नाने केलेला अ‍ॅपल पाय होता, बाहेर ऊन, आमचा संघ पुढे. आणि पुन्हा तेच झालं. खुर्चीत बसल्या बसल्या. समुद्र नाही, कॉम्प्रेसर नाही, गॅससुद्धा नाही, आमची शेगडी विजेची आहे. छातीवर कुणी बसल्यासारखं झालं. हात आखडले. मिर्नाला म्हणालो, "हृदय बंद पडतंय." तिने अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली आणि माझा हात धरून बसली. आमच्या पोरीला फोन करायचा का, असं मी विचारत होतो. निरोप घ्यायला.

हृदय उत्तम आहे. तपासून तपासून त्यांनी सांगितलं, घोड्यासारखं आहे. मग एका तरुण डॉक्टरने पडदा ओढला आणि हळू आवाजात म्हणाला, "याला पॅनिक अ‍ॅटॅक म्हणतात. भीतीचा झटका. त्याने माणूस मरत नाही."

मी म्हणालो, "बाळा, मी मोठ्या पांढऱ्या शार्कच्या पाण्यात जन्मभर काम केलंय. मला कसली भीती?"

"कसली नसतानाही येतो," तो म्हणाला.

५ एप्रिल

डॉक्टरचा तो शब्द मला परत लिहवत नाही. आमच्या धक्क्यावर त्याच्याइतकी दुसरी शिवी नाही. कुणी बुडाला की पहिला प्रश्न तोच: घाबरला का? घाबरला असं ठरलं की त्याच्याबद्दल आवाज खाली करून बोलतात, बायकोसमोर बोलतच नाहीत. अशा माणसाची नळी कोण धरेल? तो उद्या खाली मेला तर नळीवाल्याच्या माथी.

रात्रभर विचार करत होतो. हृदय बिघडलेलं असतं तर बरं झालं असतं. ते सांगता आलं असतं.

आणि हवा कधीच खराब नव्हती. तेही लिहून टाकतो.

१९ एप्रिल

मिर्नाने होबार्टला नेलं, पाणबुड्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे. डॉ. अन्सेल. साठीच्या, केस कापलेले, स्वतः पाण्यात उतरणाऱ्या. मला वाटलं होतं हसतील. हसल्या नाहीत.

"घरात टोस्ट करपला की धुराचा भोंगा बोंबलतो ना?" त्या म्हणाल्या. "घर पेटलेलं नसतं. पण भोंगा काही खोटा वाजत नाही, कान खरेच फुटतात. तुमचा भोंगा फार हळवा झालाय. तो वाजला की तुम्ही भराभरा श्वास ओढता, त्याने मुंग्या येतात, चक्कर येते, मग तुम्हाला वाटतं खरंच आग लागली. तो आणखी वाजतो."

"बंद कसा करायचा?"

"करायचा नाही. वाजू द्यायचा. जोरात वाजून वाजून तो आपोआप खाली येतो. तुम्ही फक्त पळायचं नाही, आणि श्वास ओढण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष द्यायचं. सावकाश, लांब."

पाण्यात उतरायला सक्त बंदी. खाली असताना घाबरून वर पळालात तर भीतीने नाही, पळण्याने मराल, असं स्पष्ट म्हणाल्या. ते मला कुणी सांगायला नको होतं. दर पंधरवड्याला जायचं आहे.

८ मे

डॉक्टरीणबाईंनी दिलेला अभ्यास अघोरी आहे. स्वयंपाकघरात बसून, नाक दाबून, सरबताच्या बारीक नळीतून श्वास घ्यायचा. मुद्दाम. भीती यावी म्हणून. आली की तिच्याजवळ बसायचं. पहिल्या दिवशी मी नळी भिरकावली आणि दार उघडून अंगणात पळालो. शेजारची बाई कपडे वाळत घालत होती, तिला वाटलं आमच्याकडे साप निघाला.

आज टिकलो. घाम फुटला, मिर्ना समोर बसून बटाटे सोलत होती. "आली?" म्हणाली. मी मान हलवली. "येऊ दे," म्हणाली आणि पुढचा बटाटा घेतला. मी टेबलाची कड धरून श्वास सोडत राहिलो. ती चढली, चढली, आता काळीज फुटणार असं वाटलं, आणि मग कधीतरी उतरायला लागली. मी काही केलं नव्हतं. मला रडू आलं. मिर्नाने पाहिलं, पण बटाटेच सोलत राहिली.

३० मे

आज मिर्ना उखडली. मी सहज विचारलं होतं, डेन्झिल दिसत नाही कुठे.

"दिसेल कसा? ह्यूऑनच्या बागांत सफरचंदाच्या पेट्या उचलतोय. धक्क्यावर त्याला कोण उभं करणार? ज्याने दोनदा पाणबुड्याच्या नळीत धूर सोडला, त्याच्या हातात कोण जीव देईल?"

"त्यानेच कबूल केलं होतं ना," मी म्हणालो. बोलतानाच तोंड कडू झालं.

"क्लेम, तू खरंच एवढा मठ्ठ आहेस? त्याला पहिल्या दिवशीच कळलं होतं. तुझे डोळे बघून. घरी आला आणि मला म्हणाला, ताई, क्लेम घाबरलाय आणि त्याला ते माहीत नाही. तुला तोंडावर सांगितलं असतं, तर ते खोटं पाडायला तू दुसऱ्या दिवशी सगळ्यात खोल जागी उडी मारली असतीस. म्हणून धूर म्हणाला. म्हणून उथळ पाण्यात नेत होता."

मी म्हणालो, "पण धक्क्यावर सगळ्यांसमोर कशाला..."

"तुझं नाव जायचं होतं नाहीतर. त्याचं गेलं."

 

१४ जुलै

डॉ. अन्सेल म्हणाल्या, वसंतात, म्हणजे इकडे सप्टेंबरात, उथळ पाण्यापासून सुरुवात करून बघू. पण अट घातली: नळीवरच्या माणसाला खरं माहीत पाहिजे. "लपवलंत तर तुम्ही खाली दोन गोष्टींशी भांडाल, भीतीशी आणि गुपिताशी, आणि हवा एकाच भांडणाला पुरेल एवढी असते."

नळीवर मला दुसरं कुणी नको. पण डेन्झिलकडे जाऊन गुपचूप माफी मागितली तर त्याचं नाव धक्क्यावर तसंच राहणार. जे सगळ्यांदेखत बोललो ते सगळ्यांदेखतच मागे घ्यावं लागेल. या विचारानेच पाचावर धारण बसते. शार्क परवडला.

२२ जुलै

धक्क्यापर्यंत गेलो. गाडीतून उतरलो नाही. परत आलो.

२७ जुलै

पुन्हा तेच. यावेळी रूबेनने काचेवर टकटक केली. "काय रे, इथे बसून काय अंडी उबवतोयस?" मी म्हणालो, मिर्नाची वाट बघतोय. मिर्ना घरी होती.

९ ऑगस्ट

बोललो.

वादळामुळे कुणी बाहेर पडलं नव्हतं. सगळे पत्र्याच्या शेडमध्ये चहा पीत उभे होते. मी आत गेलो आणि एका दमात सुरू केलं, नाहीतर जमलंच नसतं. "डेन्झिलने कधी धूर सोडला नाही. हवा चांगली होती. मी खाली घाबरलो. दोन्ही वेळा. त्याने माझं झाकलं."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. आणि तेवढ्यात भीती आली. त्या नजरांसमोरच आली. हात आखडायला लागले, सगळ्यांचे चेहरे लांब गेले. पळायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. मी खांबाला धरून उभा राहिलो.

"हे बघा," मी म्हणालो, शब्द धड फुटत नव्हते. "हे असं होतं. आत्ता होतंय. मला वाटतंय मी मरतोय. मरत नाहीये. थोडा वेळ लागतो."

ज्या माणसांसमोर बोबडी वळू नये म्हणून सहा महिने लपत होतो, त्यांच्यासमोर वळली. रूबेनने माशांचं रिकामं क्रेट उलटं करून माझ्यामागे सरकवलं. मी बसलो. ते तिथेच उभे राहिले, चहा हातात घेऊन, पावसाकडे बघत. कुणी गेलं नाही. ती उतरल्यावर त्यांच्यातला एक जण म्हणाला, "डेन्झिलला मग मी परवा विचारतो. माझा नळीवाला कुचकामी आहे."

"आधी मी विचारणार," मी म्हणालो.

१० ऑगस्ट

डेन्झिल मला सफरचंदांच्या शेडमागे भेटला. बातमी पोचली होती.

"रूबेन सांगत होता, तू धक्क्यावर जाळ्यातल्या माशासारखा तडफडलास."

"तडफडलो."

"मला बघायचं होतं राव." त्याने पेटी खाली ठेवली. त्याचे हात फाटले होते. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाला, "ते राहू दे, मला ऐकवत नाही. हे सांग, खाली परत झालं तर?"

"होईल. डॉक्टरीणबाई म्हणतात, होईल असंच धरून चाला. मी नळी दोनदा ओढली की समज, आली आहे. मला वर खेचायचं नाही."

"मरताना दिसलास तरी?"

"मरताना दिसेनच मी. तरी नाही."

त्याने पेटी पुन्हा उचलली. मला वाटलं, नाही म्हणणार.

"फार अवघड काम देतोस, कप्तान," तो म्हणाला.

२१ सप्टेंबर

आज उतरलो. जेटीजवळच्या खाडीत, उभं राहिलं तर छातीच्या थोडं वरच पाणी. मग जरा पुढे. मग शेवाळाच्या कडेला, जिथे उजेड कमी होतो. 

पहिलं अ‍ॅबलोनी सोडवलं आणि भीती आली. मागच्या वेळेसारखीच, तसूभर कमी नाही. अभ्यास केला म्हणून ती लहान होऊन येईल अशी मला आशा होती. छाती रिकामी, ओठ बधिर, वर चल, वर चल, वर चल. हात रेग्युलेटरकडे गेला. मी त्या हाताने खडक धरला आणि दुसऱ्याने नळी दोनदा ओढली.

वरून एकदा हलकेच ओढ आली. ऐकलं, एवढाच अर्थ. मग नळी सैल झाली आणि सैलच राहिली. त्याने खेचलं नाही. मला खेचायला वर त्याचे हात किती शिवशिवत असतील ते मला खाली कळत होतं. मी श्वास सोडला. बुडबुडे वर गेले. पुन्हा सोडला. ती माझ्यावर बसली होती आणि मी खडकाला धरून होतो. किती वेळ, देव जाणे. मुठीएवढ्या एका खेकड्याने येऊन माझ्या हातमोज्याची तपासणी केली आणि तो गेला.

थोडी उतरली तेव्हा मी सावकाश, श्वास सोडत सोडत वर आलो. डेन्झिलचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्याने मला आत घेतलं आणि मी बाकावर बसलो.

"गेली?" त्याने विचारलं.

मी खोटं बोलणार होतो. "नाही," मी म्हणालो. "अजून आहे."

त्याने कॉम्प्रेसर बंद केला. थर्मासमधून दोन कप चहा ओतला, एक मला दिला आणि समोर बसला.

"मग बसू दे तिलाही," तो म्हणाला. "होडीत जागा आहे."